प्रोटोटाइप कार्डं: मागची बाजू कोरी असलेल्या पोकेमॉन कार्डाला अडीच कोटी का मिळतात?

जानेवारी २०२१ मधे अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात एक पोकेमॉन कार्ड ३ लाख ६० हजार डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच कोटी रुपयांच्याही वर. कार्ड होतं ब्लास्टॉइजचं, ते पाठीवर दोन तोफा असलेलं निळं कासव. आता ब्लास्टॉइज काही न मिळणारं कार्ड नाही, १९९९ च्या इंग्लिश सेटमधे ते होतंच आणि जगभर पोरांच्या डब्यात पडलेलं असेल. पण हे कार्ड उलटं केलं की मागे काहीच नाही. ते नेहमीचं निळं डिझाइन नाही, मधला लाल-पांढरा बॉल नाही, नुसता कोरा कागद. आणि नेमकी ती कोरी बाजू बघूनच लोकांनी हात वर केले.

झालं होतं असं. पोकेमॉनची कार्डं मुळात जपानची, तिथे ती ऑक्टोबर १९९६ मधे आली. इंग्लिशमधे छापायचे हक्क नंतर अमेरिकेतल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेले, ती आधीपासून मॅजिक द गॅदरिंग नावाचा कार्डांचा खेळ काढत होती, त्यामुळे छपाई-बिपाई त्यांना नवीन नव्हती. पण निनटेंडोच्या, म्हणजे पोकेमॉनचे व्हिडिओ गेम काढणाऱ्या जपानी कंपनीच्या, मोठ्या साहेबांना दाखवायला तर हवं ना की बाबा इंग्लिश कार्ड असं दिसेल, चमक अशी असेल, अक्षर असं असेल. त्यासाठी १९९८ मधे नमुना म्हणून ही ब्लास्टॉइजची कार्डं छापून घेतली. अशी दोनच केली असं सांगतात. पहिलं इंग्लिश पोकेमॉन पाकीट दुकानात आलं जानेवारी १९९९ मधे, म्हणजे हे कार्ड त्याच्याही आधीचं.

प्रोटोटाइप कार्ड म्हणजे हेच. लग्नाची पत्रिका हजार छापायच्या आधी प्रेसवाला एक प्रूफ आणून देतो, त्यात काकांचं नाव चुकलेलं असतं, रंग जरा वेगळा असतो, आपण पेनाने खुणा करून परत देतो, आणि मग खरी पत्रिका छापली की ते प्रूफ कोणाच्या लक्षातही राहत नाही. कार्डांच्या दुनियेत लोक ते प्रूफ शोधत फिरतात, एवढाच फरक.

पण सगळी प्रोटोटाइप एकसारखी नसतात आणि इथेच नवीन माणसाचा गोंधळ होतो. सगळ्यात कच्चं असतं ते प्लेटेस्ट कार्ड. म्हणजे खेळ अजून डोक्यात आहे, नियम जमतायत का ते बघायला डिझायनरने स्वतःच कागद कापून केलेली कार्डं. त्यानंतर येतं प्रेझेंटेशन कार्ड, वरच्या ब्लास्टॉइजसारखं, साहेब लोकांना दाखवायला केलेलं, दिसायला देखणं पण विकायचं नसतंच. आणि तिसरं टेस्ट प्रिंट, म्हणजे खेळ ठरलाय, चित्र ठरलंय, फक्त कारखान्यात नवीन फॉइल (कार्डावरचा चमकीचा थर) किंवा नवीन कागद लावून बघितलाय. यात नसलेली एक गोष्ट पण सांगतो, एरर कार्ड. कापताना तिरकं गेलं, शाई उतरली नाही, तर ती छपाईतली चूक, प्रोटोटाइप नाही. विकणारे बिनधास्त एररला प्रोटोटाइप म्हणून लावतात, तिथे सावध राहायचं.

प्लेटेस्ट कार्डांचं मला सगळ्यात जास्त आकर्षण आहे आणि त्याचं कारण मॅजिकच्या गोष्टीत सापडतं. रिचर्ड गारफील्ड तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएचडी करत होता. १९९१ मधे त्याची गाठ विझार्ड्सच्या पीटर अॅडकिसनशी पडली, अॅडकिसनला असा खेळ हवा होता जो बॅगेत मावेल आणि पटकन खेळून होईल. गारफील्डने १२० कार्डं बनवली, ती दोन गठ्ठ्यांत वाटली, एक मित्राला दिला, एक स्वतः घेतला आणि खेळायला बसले. पुढे टेस्टिंग वाढलं तसे गठ्ठे वाढले, जाड कागदावर कॉपी काढायच्या, कुठलं तरी कॉमिकमधलं चित्र चिकटवायचं, कात्रीने कापायचं. खेळ बाजारात आला ऑगस्ट १९९३ मधे, म्हणजे मधली दोन वर्षं हा अख्खा खेळ अशा घरगुती कागदांवर जगला.

त्यातलं एक कार्ड टाइम वॉक. तयार खेळात त्याचा अर्थ साधा आहे, तुमची चाल झाली की अजून एक चाल तुम्हालाच. पण टेस्टिंगच्या वेळी त्यावर लिहिलेलं वाक्य असं होतं की समोरचा 'पुढची चाल गमावतो' असंही वाचता येईल आणि 'पुढच्या चालीत हरतो' असंही. एका टेस्टरने गारफील्डला सांगितलं की मला एक कार्ड मिळालंय, त्याने पुढच्या चालीत मी जिंकणारच. गारफील्डला कळेना असं कुठलं कार्ड आपण केलं. मग उलगडा झाला आणि वाक्य बदललं. आता विचार करा, दुकानात मिळणाऱ्या टाइम वॉकवर हे काही दिसत नाही, तिथे सगळं गुळगुळीत आणि अंतिम. जुन्या कच्च्या कार्डावर तो घोळ अजून तसाच आहे, शाईत. एखादी कल्पना अर्धवट अवस्थेत पकडलेली बघायला मिळणं, ही गोष्ट तयार मालात कधीच मिळत नाही आणि माझ्या मते प्रोटोटाइपची खरी ओढ ही आहे.

पोकेमॉनचंही तसंच. फेब्रुवारी १९९६ मधे गेम बॉयवर जपानमधे रेड आणि ग्रीन हे व्हिडिओ गेम आले आणि ऑक्टोबरात कार्डं. म्हणजे मधे जेमतेम आठ महिने. पोकेमॉनची कार्डं तयार करणाऱ्या क्रिएचर्स कंपनीचे त्सुनेकाझु इशिहारा स्वतः मॅजिकचे मोठे शौकीन होते, त्यामुळे कार्डांचा खेळ करायचा ही कल्पना तिथून आली. पण टेस्टिंगच्या वेळी अरिता, सुगिमोरी या चित्रकारांची ती रंगीत चित्रं कुठून येणार, म्हणून कच्च्या कार्डांवर सरळ गेम बॉयमधलीच ठिपक्या-ठिपक्यांची आकृती टाकलेली. चारिझार्ड म्हणून करड्या चौकोनांचा एक ड्रॅगन. आज आपण डोळे मिटून ओळखतो ते चारिझार्डचं कार्ड अजून बनायचंच होतं. हे बघून अंगावर काटा येतो की नाही ते ज्याच्या त्याच्या वयावर आहे, माझ्या तरी येतो. आपल्याकडे तर मूळ कार्डं फार कमी पोरांनी बघितली, आपलं पोकेमॉन म्हणजे टीव्हीवरचं कार्टून आणि चिप्सच्या पाकिटातले टॅझो, पण ते वेड तेच आणि ती पिढी आता कमावती झालीय. अमेरिका-जपानमधेही हेच झालं, लहानपणी ज्यांना पाकीट घ्यायला पैसे मिळाले नाहीत ते आता तीस-चाळिशीत आहेत, २०२० च्या लॉकडाउनमधे घरी बसून सगळ्यांना जुने डबे आठवले आणि भाव गगनाला भिडले.

आता भावाचं गणित जरा समजून घेऊ, कारण प्रोटोटाइपचा भाव नेहमीच्या कार्डासारखा ठरत नाही. नेहमीच्या महाग कार्डाचं उदाहरण घ्या, पहिल्या आवृत्तीचा इंग्लिश चारिझार्ड, १० पैकी १० ग्रेडचा, मार्च २०२२ मधे ४ लाख २० हजार डॉलरला गेला. असे दहापैकी दहावाले शंभराच्या वर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे कारण ग्रेडिंग कंपन्या मोजदाद जाहीर करतात. ग्रेडिंग म्हणजे काय तर कार्ड कंपनीकडे पाठवायचं, ते कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे का हे बघून १ ते १० मधे मार्क देतात आणि प्लॅस्टिकच्या घट्ट केसमधे बंद करून देतात, त्याला स्लॅब म्हणतात. पिकाचू इलस्ट्रेटरसारखं बक्षिसाचं कार्डसुद्धा मोजलेलं आहे, जपानी मासिकाच्या चित्रकला स्पर्धांमधून ३९ दिली गेली होती. लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने त्यातलं एक ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतलं ते ऐकलंच असेल.

प्रोटोटाइपला यातलं काहीच लागू नाही. किती बनली? कोणी मोजलं नाही. ऑफिसात केलेला कागद, कोण नोंद ठेवणार. कोपरा दुमडलाय, त्यावर पेनाने लिहिलंय, कापताना वाकडं गेलंय, तर ते चांगलं का वाईट? प्लेटेस्ट कार्डावर हाताने खोडून नवीन आकडा लिहिला असेल तर मी तर म्हणेन उलट भाव वाढायला हवा, कारण तिथे डिझायनरचा निर्णय दिसतोय. म्हणजे १० पैकी किती या प्रश्नाला इथे फार अर्थच उरत नाही. उरतो एकच प्रश्न, हे खरंच तेव्हाचं, तिथलं आणि त्यांचं आहे का.

आणि इथे गाडी अडते. साधं कार्ड खोटं आहे का हे ओळखायला बऱ्यापैकी पक्के मार्ग आहेत. कारखान्यात ऑफसेटवर छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं की निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक कोनात बसलेले, छोट्या फुलांसारखी नक्षी दिसते. इंकजेटवर काढलेल्या कॉपीत तशी नक्षी नसते, शाई कशीही उडालेली दिसते. कागदाच्या मधल्या थराचा रंग बघता येतो, अतिनील दिव्याखाली कागद चमकतो का ते बघता येतं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे शेजारी ठेवून बघायला दुसरं खरं कार्ड असतं. प्लेटेस्टसारख्या प्रोटोटाइपमधे खरं कार्डच ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेलं, कात्रीने कापलेलं. म्हणजे खऱ्याचं आणि खोट्याचं तंत्र एकच. ज्या घरगुतीपणामुळे ते हवंहवंसं वाटतं त्याच घरगुतीपणामुळे ते नकली करायला सगळ्यात सोपं. म्हणून मी नेहमी सांगतो, प्रोटोटाइप घेताना तुम्ही कागदाचे पैसे देत नाही, तो कागद कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला त्या साखळीचे पैसे देता, आणि साखळी तुटकी असेल तर हातात नुसता कागद राहतो.

हे किती खरं आहे ते २०२५ च्या सुरुवातीला सगळ्यांनी बघितलं. २०२४ मधे पोकेमॉनच्या १९९६ च्या सुमाराची म्हणून बरीच प्लेटेस्ट कार्डं बाजारात यायला लागली. सीजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीने ती तपासून, प्रमाणित करून स्लॅबमधे घालून दिली. लोक खूश, इतकी वर्षं फक्त ऐकलेली गोष्ट समोर आली, हजारो डॉलरमधे व्यवहार झाले. मग काही चिवट कलेक्टर मंडळींनी या कार्डांचे मोठ्या रिझोल्युशनचे स्कॅन घेतले, त्यातला निळा रंग वेगळा काढला आणि बघत बसले. आणि त्यांना पिवळे ठिपके दिसले.

हे ठिपके काय प्रकार आहे ते नीट सांगतो कारण फार कमी लोकांना माहीत असतं. बऱ्याच कलर लेझर प्रिंटर आणि कॉपियरमधे कंपनीनेच एक छुपी सोय केलेली असते. तुम्ही काहीही छापा, त्या पानावर मशीन स्वतःहून अगदी बारीक फिकट पिवळे ठिपके टाकतं. ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पांढऱ्या कागदावर पिवळा, त्यामुळे नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. हेतू हा की कोणी नोटा छापल्या तर मशीन सापडावं. झेरॉक्स कंपनीने हे तंत्र १९८० च्या दशकात काढलं. २००५ मधे ईएफएफ या अमेरिकन संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरचं कोडं फोडून दाखवलं, १५ उभ्या रांगा आणि ८ आडव्या, अशी ठिपक्यांची जाळी, ज्यात कुठल्या खान्यात ठिपका आहे आणि कुठल्या नाही यावरून मिनिट, तास, दिवस, महिना, वर्ष आणि मशीनचा सिरियल नंबर वाचता येतो. एकदा छापून भागत नाही, अख्ख्या पानावर ही जाळी पुन्हा पुन्हा येते, म्हणून पान कापून त्याची छोटी कार्डं केली तरी एखाद्या तुकड्यावर पुरेशी जाळी उरू शकते.

तर या '१९९६' च्या कार्डांपैकी काहींवरचे ठिपके वाचले तेव्हा तारीख निघाली २०२४ ची. कार्ड स्लॅबमधे, वर लेबल, लेबलवर प्रोटोटाइप, आणि आत कागदावरच छापलेलं की मी परवाचा आहे. ज्यांनी आयुष्यभराची बचत म्हणून नाही तरी मोठी रक्कम घालून ती घेतली होती त्यांची अवस्था काय झाली असेल. आणि नुकसान फक्त त्यांचं नाही. जी कार्डं खरोखर १९९६ ची आहेत, आणि काही असणार, त्यांच्यावरही आता संशय बसला. वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी जपून ठेवलेला खरा कागद या गर्दीत ओळखू येईनासा झाला, मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण हा त्या खेळाच्या जन्माचा पुरावा आहे आणि पुरावा एकदा गढूळ झाला की स्वच्छ करणं फार अवघड.

ठिपके म्हणजे रामबाण असंही समजू नका हं. ठिपक्यात २०२४ निघालं तर कार्ड १९९६ चं असणं जवळपास अशक्य, पण ठिपके नाहीत म्हणून कार्ड खरं असं मुळीच नाही. काळ्या-पांढऱ्या लेझरवर ते येत नाहीत, इंकजेटवर साधारणपणे नसतात, सगळ्याच कंपन्या ते टाकतात असंही नाही. शिवाय मशीनचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तर तारीखही चुकीचीच येणार. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

कार्डावर छापलेल्या सालाबद्दलही थोडं बोलायला हवं कारण तिथे दरवेळी कोणीतरी फसतं. इंग्लिश बेस सेटचं, म्हणजे त्या पहिल्या इंग्लिश सेटचं, कुठलंही कार्ड घ्या, खालच्या कडेला बारीक अक्षरात १९९५ पासूनची सालं दिसतील, पण कार्ड १९९९ मधे आलेलं. ती कॉपीराइटची सालं असतात, छपाईची नाहीत. जपानमधे च्युइंगमसोबत मिळणारी टॉपसन नावाची कार्डं होती, त्यांच्यावर १९९५ लिहिलेलं, त्यामुळे कितीतरी वर्षं लोक त्यांना जगातली पहिली पोकेमॉन कार्डं समजून जास्त पैसे देत होते, नंतर कळलं की ती १९९७ ची. अरे, व्हिडिओ गेमच १९९६ चा आहे, तर १९९५ मधे कार्ड कोण काढेल, एवढा साधा विचार केला असता तरी शंका आली असती. प्रोटोटाइपलाही हीच चाळणी लावा. कोणी १९९६ च्या जानेवारीचं म्हणालं तर गेम फेब्रुवारीत आलाय हे आठवा. त्या काळी तो फॉन्ट होता का, तो प्रिंटर बाजारात होता का, तो पोकेमॉन तोपर्यंत बनला होता का.

स्लॅबवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्न येतोच. स्लॅब उपयोगाचा आहे, पण तो माणसांनीच दिलेला अभिप्राय आहे. पीएसए ही सगळ्यात मोठी ग्रेडिंग कंपनी, तिने १९९१ मधे पहिलंवहिलं ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड, ज्याला ८ मार्क मिळाले. ते कार्ड कडा कापून नीटनेटकं केलेलं होतं हे ज्याने कापलं त्या लिलाववाल्याने २०१३ मधे कोर्टात कबूल केलं. म्हणजे बावीस वर्षं. आणि ते तर कारखान्यात छापलेलं, तुलनेला दुसरी प्रत असलेलं कार्ड होतं.

मग घ्यायचं तर काय बघायचं? मी स्वतः सगळ्यात आधी विचारेन की हे पहिल्यांदा ऑफिसाबाहेर कोणी आणलं, आणि तेव्हाचा काही पुरावा आहे का. जुना फोटो, जुनी ईमेल, जुनं बिल, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं पान, काहीही ज्यावर आजच्या भावाची सावली नाही, कारण भाव नव्हता तेव्हा खोटं करायला कोणाला कारण नव्हतं. डिझायनरची सही असली तरी हुरळून जायचं नाही, सही आज केलेली असू शकते आणि ती फक्त एवढंच सांगते की हा कागद त्या माणसाच्या समोर आला होता. एकदम खूप नग यायला लागले तरी थांबायचं, पंचवीस वर्षं एकही दिसला नाही आणि सहा महिन्यांत शेकडो आले तर काहीतरी गडबड असू शकते. विकणारा मोठ्या रिझोल्युशनचा स्कॅन द्यायला का-कू करत असेल तर तिथेच विषय संपवा.

ठिपके स्वतः बघायचे असतील तर पोकेमॉन कार्डाची गरजच नाही. ऑफिसात कलर लेझर प्रिंटर असेल तर त्यावर थोडासा रंगीत मजकूर असलेलं एक पान काढा, बाकी पान पांढरं ठेवा. अंधाऱ्या खोलीत त्या पांढऱ्या भागावर निळ्या एलईडीचा टॉर्च मारा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा, घड्याळजी वापरतात तसलं चालतं. पिवळा रंग निळ्या उजेडात काळपट दिसतो, त्यामुळे ठिपके असतील तर उठून येतात. टॉर्च नसेल तर पान १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि कुठल्याही फोटो एडिटरमधे फक्त निळा चॅनेल उघडा.